पावती

लेखकाचं नाव कुठेही नको,
असं नियमावलीत वरूनच तिसऱ्या ओळीत आहे.
म्हणून रात्री साडेअकराला बसमत रोडवर,
'मुंजाजी झेरॉक्स'चं शटर अर्धं ओढून,
मी स्वतःला खोडत बसले होते.
पहिल्या पानावरून. चौथ्या तळटीपेतून.
'मी अन्यत्र म्हटल्याप्रमाणे' यातून.
अन्यत्र मी एकदाच काही म्हटलं होतं,
कॉलेजच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत.

मुंजाजी मागं उभा. म्हणाला, मॅडम,
फाइलच्या पोटात बी नाव राहतंय, बघा.
बघितलं.
लेखक : मुंजाजी झेरॉक्स.
दहा हजार शब्द, दोनशे अकरा तळटीपा,
आणि लेखक हा.
लाजला. राहू द्या की, म्हणाला.
त्यालाही खोडलं.

विषय असा, की एक राज्य बुडतं
तेव्हा त्यानं दिलेला शब्द कुणाकडं जातो.
खजिना जातो, तुरुंग जातात, टपालपेट्या जातात,
त्यांची यादी होते, खाली सह्या होतात.
शब्दाचं काय?

माझ्याकडं पुरावा एकच.
पाथरीच्या हलीमाबींच्या पेटीतला कागद,
एका कोपऱ्याला हळद लागलेली :
अनामत रुपये चाळीस, सिक्का हाली,
मुदतीनंतर सरकार-ए-आली परत करील.
मोइझ सरांनी वाचून दिला, भिंग धरून.
'परत करील'वर बोट ठेवून जरा थांबले.
म्हणाले, हे भविष्यकाळात आहे, बरं का.

हलीमाबींचा नातू शफियोद्दीन, एस.टी.त कंडक्टर,
त्यानं विचारलं, मॅडम, आर्टिकल म्हणजे कलम ना?
मग आपल्याला कितवं लागतंय?
म्हटलं, हे तसलं नाही. हा लेख आहे.
कुणाकडं चाललाय?
हॉलंडला.
मग त्यांचं सरकार देणार का?
मी बशीत चहा ओतला.
तासिका तत्त्वावर शिकवते मी,
जूनपासूनचे तास मलाही
भविष्यकाळातच मिळायचे आहेत.

आता फॉर्म.
देश : यादीत सापडला.
शहर : परभणी, खाली तांबडी नागमोडी रेघ.
संस्था : सापडत नाही, 'इतर' निवडा.
निवडलं इतर.
तळटीप एकशे तीनला ते विचारतात,
संग्रहाचं नाव, पेटी क्रमांक, दप्तर क्रमांक.
पेटी एकच आहे. पत्र्याची,
झाकणावर मोर, त्याचा एक डोळा खरवडलेला.
'खासगी संग्रह, पाथरी' एवढंच लिहिलं.
मोर राहिला.

तिकडं बारा वाजायला
इकडचे साडेचार व्हावे लागतात.
एकला लाइट गेली, दोनला आली,
मधल्या वेळात मुंजाजीनं मोबाइलचा उजेड धरला
आणि विचारत राहिला,
हे छापून आल्यावर तुम्हाला किती देतात?
काहीच नाही म्हटल्यावर
त्यानं उजेड दुसऱ्या हातात घेतला.

तीन वाजून दहा मिनिटांनी पाठवला.
अकराव्या मिनिटाला उत्तर :
आपला लेख मिळाला.
हे पत्र यंत्रानं पाठवलं आहे, कृपया उत्तर देऊ नये.
खाली एक नंबर, आठ आकडी.
निर्णय यथावकाश कळवण्यात येईल.

येईल.

प्रिंट काढू? मुंजाजी म्हणाला.
दोन काढ.
एक त्यानं न विचारताच लॅमिनेट केली,
तिचे पैसे घेतले नाहीत.
दुसरी गुरुवारी स्टँडवर शफियोद्दीनला दिली,
पाथरीची गाडी लागलेली, मागं माणसं ढकलतायत.
त्यानं कागद उलटून पाहिला,
पुन्हा सुलटा केला.
याच्यावर शिक्का नाही, मॅडम, म्हणाला.
तरी घडी घातली,
वरच्या खिशात, सुट्ट्या पैशांच्या मागं ठेवली,
आणि डबल बेल दिली.