नळीचं तोंड

ओइवा पीराइनेनने रायफल टेबलावर आडवी ठेवली
आणि शेजारी कागद. पाच भोकं,
एकमेकांची ओळख नसल्यासारखी.
"मागच्या साली पाचही एका काडेपेटीखाली झाकायची,"
एवढं बोलून टोपी हातात फिरवत बसला.

सप्टेंबर लागला की कुह्मोतल्या माझ्या कारखान्यात
असे बरेच येतात.
एल्कचा मोसम तोंडावर, आणि बंदूक बिघडलेली.
नाचता येईना अंगण वाकडं,
मी मनातल्या मनात म्हणते
आणि पेचकस उचलते.

दुर्बिणीचे स्क्रू घट्ट.
दस्त्याचा पुढचा अर्धा फेरा ढिला, तो आवळला.
(तेवढ्या कामाचे पैसे घेतलेत मी लोकांकडून, खोटं कशाला बोलू.)
नळी आणि लाकूड यांच्या फटीतून
दुकानाच्या पावतीची पट्टी सरकवली,
ती सरळ मागपर्यंत गेली. लाकूड फुगलेलं नाही.
मग वारा पडलेली सकाळ, वाळूच्या पिशव्या,
दोन कंपन्यांची काडतुसं,
खांदा माझा, डोळा माझा, चाप ओढणारं बोट माझं.
पाच भोकं. तशीच रुसलेली.

म्हणजे अंगणच वाकडं होतं.
ओइवाची मी मनातच माफी मागितली.

नळीत उजेड सोडून पाहिलं
तर तांब्याचा डाग नाही, काजळीचा कण नाही.
शिकाऱ्याच्या घरची इतकी लख्ख नळी
चाळीस वर्षांत पाहिली नव्हती.
तिथंच मला कळायला हवं होतं.
मी आणखी दोन दिवस घालवले.

शेवटी एक सुटी गोळी चिमटीत धरली,
टोकाकडून नळीच्या तोंडात टेकवली.
ती जिथं अडायची तिथं अडली नाही,
आणखी खाली बुडाली, जराशी कलली.
भिंग लावलं.
विहिरीच्या काठाला दोर रोज घासून पडते
तशी खाच, केसाएवढी, एकाच बाजूला.
बंदुकीचा गोळीला शेवटचा हात लागतो तो इथं.
इथं कड सारखी नसेल तर आतला वायू
एकीकडून आधी निसटतो,
निघालेल्या गोळीला बुडाशी धक्का मारतो.
पुढं शंभर मीटर ती तो धक्का विसरत नाही.

"साफ कशी करतोस?"
"गजानं."
"कुठून?"
"तोंडाकडून. सौनाच्या पायरीवर बसतो, गुडघ्यांत धरतो."
"महिन्यातून किती वेळा?"
टोपी एकदा पूर्ण फिरली.
"रोज."
"आणि झाडतोस?"
"परवा झाडली. त्याआधी गेल्या मोसमात. ताउनो होता तेव्हा."

भाऊ. दोघं मिळून साफ करायचे.
ताउनो बोल्ट काढून मागून गज घालायचा,
ओइवा चिंध्या कापायचा.
"त्याचे हात कुठं चालायचे ते मी कधी बघितलं नाही," म्हणाला,
"मी माझ्या चिंध्या बघायचो."

बोटभर नळी कापावी लागली.
लेथवर पोलादाची चकाकती कुरळी निघत गेली,
नवं तोंड घासून गोल केलं,
कापसाचा बोळा फिरवला, कुठं धागा अडकला नाही.
तुकडा भंगाराच्या डब्यात टाकणार
तेवढ्यात त्यानं तळहात पुढं केला.
अजून गरम होता. त्यानं तसाच खिशात घातला.

दुपारी त्यानं स्वतः पाच झाडल्या.
काडेपेटी ठेवली तर चार झाकल्या, एक बाहेर.
मी पुन्हा पेचकसाकडे हात नेला.
"राहू दे," ओइवा म्हणाला, "ती माझी."

नवा गज दिला, मऊ वेष्टनाचा.
मागून घाल म्हटलं. आणि रोज नको.
"बरं," म्हणाला.
संध्याकाळी मग काय करायचं
हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
वहीत कारणाच्या रकान्यात 'झीज' लिहिलं,
आणि त्यानं नेलेली चिंध्यांची पिशवी
बिलात धरायची राहून गेली.