बारा मिनिटं

सुरगाण्याच्या पुढं, घाट उतरून,
आश्रमशाळेच्या व्हरांड्यात
दोन बाकं जोडून मी यंत्र मांडते.
जेवणाच्या डब्याएवढं. पोरांना वाटतं खाऊच असेल.

आत एक पट्टी, पट्टीत पाट,
केसाहून बारीक.
त्यातून रक्त जातं एकेक पेशी करून.
मला हे समजावून सांगावं लागलं नाही कुणाला.
पिंपळगावला आमच्या ओट्यावर
ठिबकच्या नळ्यांची वेटोळी असायची,
आण्णा तोंडाला लावून फुंकायचे.
क्षार बसलेला ड्रीपर म्हणजे एका वेलीची तहान,
हे मला बाराखडीआधी कळलेलं.

पूर्वी बाटल्या जायच्या नाशिकला,
थर्माकोलच्या खोक्यात, एसटीनं.
वणी येईस्तोवर बर्फाचं पाणी.
रिपोर्ट आठवड्यानं,
एकदा तर गावित मुलाचा भोयेच्या नावावर.
मी सुई टोचून निघून यायचे.
सांगायचं काम दुसऱ्या कुणाचं.

आता बारा मिनिटं.
बाकाच्या अल्याड मी, पल्याड मुलगी,
उठून जाता येत नाही.

मथी भोये, इयत्ता सहावी.
बोट तिनं स्वतःच पुढं केलं.
"सांधे दुखतात का गं?"
"थंडीत. सगळ्यांचेच दुखतात."

पडद्यावर पेशी येऊ लागल्या,
गोल, मऊ, अरुंद जागी अंग चोरून
पलीकडं निसटणाऱ्या.
मग एक आली वाकडी
आणि वळणावर अडली.
तिच्या मागं आणखी दोन.

"विळा," मथी म्हणाली.
मी काहीच बोलले नव्हते.
माझ्या वहीत तोच शब्द इंग्रजीत होता,
त्यावर मी हात ठेवला.
"आमचा नागली कापायचा असाच आहे, दाते झिजलेला."
मग थोड्या वेळानं, "ही माझीच का?"
"तुझीच."
"मग जाऊ द्या ना तिला."

या यंत्राला फुंकायला तोंड नाही.

अजून चार मिनिटं उरली होती.
गोळ्यांचं सांगितलं. पाणी भरपूर पी म्हटलं,
ती हातपंपाकडं बघून हसली,
त्याचा दांडा दिवाळीपासून मोडलेला.
आईला घेऊन ये, तिचंही बघू.
आई नाही, म्हणाली,
छाटणीला गेलीये द्राक्षाच्या,
पिंपळगावला.

कुणाच्या बागेत, विचारलं मी.
तिला माहीत नव्हतं.