तळाचा हिरवा

एर्मोहेनेस चिग्वायने काउंटरवर रुमाल उलगडला.
आत नखाएवढा पापुद्रा,
होडीच्या कुशीवरून खरवडलेला.
"हा रंग हवा. दोन गॅलन."

मी भिंग घेतलं, कडेनं पाहिलं.
एकावर एक पाच थर.
वरचा पांढरा मीच विकलेला, तीन वर्षांमागे, सवलतीत.
त्याखालचा पिवळा त्या सालचा,
जेव्हा ट्रकमधून नुसता पिवळाच आला
आणि सगळं दालकावे बंदर हळद लागल्यासारखं दिसत होतं.
मग निळा.
मग लाल, माझ्या वडिलांच्या हातचा.
ते लालमध्ये हळूच काजळी घालायचे
आणि कुणाला सांगायचे नाहीत.

"यातला कुठला?"
"सगळ्यात खालचा."

सगळ्यात खाली हिरवा.
तो लागला तेव्हा आमचं हे दुकान पिठाचं होतं.
कॅटलॉगात बावीस हिरवे आहेत,
एकालाही त्यानं मान हलवली नाही.

मला पोहता येत नाही. होडीत कधी बसलो नाही.
बेटावर जन्मून हे सांगायची लाज वाटते.
पण या खाडीतली प्रत्येक होडी मी ओळखतो
तिच्या अंगावर किती लिटर आहेत त्यावरून.
कुणी तांब्याचा लेप वाचवून घराचा उरलेला रंग फासला,
कुणी नाळेवरचं बायकोचं नाव पुसून
पुढच्या हंगामात तेच परत लिहिलं,
सगळं माझ्या वहीत आहे.

तर आम्ही ढवळायला लागलो.
पोपटी, थोडा गेरू, टोकावर राहील इतका काळा.
"नाही."
आणखी पिवळा, मोहरीएवढा.
"नाही. तो जरा आजारी होता."

आजारी कसा करायचा हिरवा?
मागच्या खोलीतून जुनी साखळी आणली,
तिचा गंज खरवडला, चाळून घातला.
तो काठीवरून ओघळणाऱ्या थेंबाकडे
खूप वेळ बघत राहिला.
मी म्हणालो, "ओल्या रंगावर जाऊ नका.
वाळल्यावर एक छटा खाली उतरेल."
"मग एक छटा वर ठेव," तो म्हणाला,
"आणि हिशेब एक छटा खाली."

दोन ब्रश. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर.
सांध्यांत ठोकायला सालीचा काथ्या.
तांब्याचा लेप एक डबा. लागतात दोन,
हे त्यालाही ठाऊक, मलाही.

टर्पेंटाइन मात्र विसरला.
साडेअकराला मला ते दिसलं, त्याच्या रुमालाशेजारी.
ओहोटी काही कुणाची उधारी ठेवत नाही.
पाणी दूर आहे तोवर
घासायचं, भरायचं, फासायचं, वाळू द्यायचं.
मी दुकानाला कुलूप लावलं, भर दुपारी.

चिखलात होडी कुशीवर निजली होती,
व्यायला झालेली गाय निजते तशी.
तो अर्धा तिच्याखाली. त्याची नात फ्लोरिदेमा
पालथ्या बादलीवर बसून
कडक होत चाललेला ब्रश हातात धरून.
पाण्यात जाणाऱ्या भागाला लाल लेप, ताणून ताणून, पातळ,
आणि वर, जिथं सगळ्यांना दिसतं तिथं,
आमचा आजारी हिरवा.

विचारावंसं वाटलं, हाच का,
आणि एवढ्या वर्षांनी का.
पण त्याच्या तोंडात खिळे होते.
एक काढायचा, ठोकायचा, दुसरा काढायचा.
नातीला विचारलं. ती म्हणाली,
"मला काय माहीत, मी पांढऱ्यातली."

मी निघायला हवं होतं. निघालो नाही.
पाणी आधी माझ्या बुटांना लागलं, मग तिला.
ती कण्हली, थोडी हलली,
आणि कुणी हाक मारल्यासारखी सरळ झाली.
वाळलेल्या कडेला हिरवा
एक छटा खाली उतरला होता.

एर्मोहेनेसनं तोंडातला शेवटचा खिळा
तळहातावर काढला.
बोलला नाहीच.

रात्री वहीत लिहिलं:
चिग्वाय, दोन गॅलन.
रंगाच्या रकान्यात काय लिहावं कळेना, कोरा ठेवला.
टर्पेंटाइन धरून बाकी
चार हजार दोनशे पेसो.