अंगठा

सात रस्त्याच्या टपरीवर
पुडा फोडताना गड्डम नेहमी
लाल खुणेवर अंगठा ठेवतो.
'मीठ जास्त' वाचलं
की चव जाते म्हणे.

सकाळच्या सर्वेक्षणात आम्ही दोघांनीही
'सवय बदलाल का?' पुढं
'हो' लिहिलं होतं,
तेलकट बोटांनी.
कागद तिथं पारदर्शक झाला.

"बंडलावर केवढं चित्र असतं," तो मधेच म्हणाला,
"सडलेल्या जबड्याचं.
तरी विडी घरकुलात आई
रोज हजार वळतेच की.
लोकांनी चित्र बघितलं असतं
तर माझी फी कुठनं आली असती?"

मी चहा ढवळत राहिलो.
त्यानं अंगठा उचलला,
अक्षर अक्षर लावत वाचलं,
आणि उरलेला पुडा
माझ्याकडं सरकवला.

मी घेतला.