पूर्ण एक मिनिट

तक्त्यावर सगळ्यांनी अठरा लिहिलंय.
सकाळी अठरा, दुपारी अठरा, रात्री दहाला अठरा.
श्वासांचा हा आकडा कुणी मोजत नाही,
तो वरच्या ओळीतून खाली उतरतो
बापाचं नाव उतरावं तसा.
मीही लिहिलाय. परवाच.

सूरचं इस्पितळ, सर्जिकल वॉर्ड, खाट नऊ.
खमीस बिन जुमा, वय एकाहत्तर.
आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं शिवली,
त्याला ही चौथी रात्र.
"कसं वाटतंय, बाबा?"
"अल्हम्दुलिल्लाह."
दुखत असलं तरी हेच, झोप लागली तरी हेच,
म्हणून मी उत्तर ऐकत नाही, आवाज ऐकते.
आज ते शब्दाच्या मध्येच
हवा घ्यायला थांबले.

बोटं चादरीवर काहीतरी शोधतायत.
चिमटीत धरतात, सोडतात.
काल ह्याच बोटांनी दाखवलं होतं,
गलबताच्या दोन फळ्यांमधल्या फटीत
तेलात भिजलेला कापूस कसा ठासतात.
लाकूड कुठलं? "साज. तुमच्याकडचंच."
साज म्हणजे साग, हे कळायला मला अर्धी ड्यूटी लागली.
आणि गळती कळते कशी?
"पाणी दिसलं की उशीर झालेला असतो, सिस्टर.
त्याआधी हात लावायचा."

मनगट धरते. नाडी अठ्ठ्याऐंशी. बरी आहे.
मिरजेच्या वर्गात सत्तूरबाई म्हणायच्या,
नाडी धरल्याचं नाटक करा, नजर छातीवर ठेवा.
श्वास मोजतायत हे कळलं की पेशंट श्वास सजवतो.
आणि अर्धा मिनिट गुणिले दोन करणारीला
मी नर्स म्हणत नाही.
काटा बारावर आला.
काटा फिरून बारावर आला.
एकतीस.

पुन्हा.
तीस.

ताप सदतीस पॉइंट आठ, फार नाही.
पिशवीत चार तासांची लघवी सत्तर मिली, कडक चहाच्या रंगाची.
पोट संध्याकाळपेक्षा टणक.
मग नाडी एवढी शहाणी का?
फाइल मागे, अजून मागे चाळते.
रक्तदाबाची गोळी, सकाळी दिलेली, जिन्सीची सही.
ती नाडीला पळू देत नाही.
म्हणजे नाडी खोटं बोलत नाहीये,
तिच्या तोंडावर कुणाचा तरी हात आहे.

दोन चाळीस. फोन.
डॉक्टर फादी झोपेतून, "मॉनिटर काय म्हणतो?"
"हिरवा आहे."
"मग?"

माझ्याकडे रोगाचं नाव नाही.
ते ठेवायचा मला हक्कही नाही.
माझ्याकडे कालच्याहून वेगळा झालेला एक माणूस आहे
आणि कागदावर चार आकडे,
आधी लिहून घेतलेले, म्हणजे आवाज थरथरला तरी ओळ चुकू नये.
"शिवण सुटली असेल अशी भीती वाटते. तुम्ही यावं."
'यावं' जरा जास्तच जोरात निघतं.

तोवर उशाकडून खाट वर, ऑक्सिजन, दुसऱ्या हाताला सुई,
तोंडावाटे सगळं बंद.
ते पाणी मागतात. मी ओला कापूस ओठांवरून फिरवते.
कापसाकडे बघून काहीतरी म्हणतात,
मला कळत नाही. हसले असावेत.

पाचला ट्रॉली लिफ्टमध्ये गेली.
खाट नऊवर चिमटीच्या घड्या तेवढ्या राहिल्या.

पुढचं मला माहीत नाही.
सातला जिन्सीला हॅन्डओव्हर दिलं.
अठरांच्या रांगेखाली माझं तीस
चुकीच्या लग्नात आलेल्या पाहुण्यासारखं उभं आहे.
परवाचं अठरा खोडता येत नाही.

होस्टेलवर पडदे ओढलेले, बाहेर ऊन आत्ताच पांढरं.
खाडीकडून फळ्या ठोकल्याचा आवाज येतो, थांबतो.
मर्लिन पाठ करून झोपलीय.
घड्याळ माझ्या उशाशी.
तिची चादर वर जाते, खाली येते.
चौदा.

पुन्हा मोजते.