जास्तीचा टॉवेल

रात्री साडेदहा. ऊर्वी एकदाची झोपली,
एक पाय माझ्या पोटावर टाकून.
त्या पायाखालून मी फोन सोडवून घेते
आणि पुन्हा तेच पान उघडते:
निळं पाणी, पांढऱ्या खुर्च्या, बांबूच्या छत्र्या,
इंदूरपासून चार तास. वाटेत भेरूघाट.
घाटात ऊर्वी ओकणार, हे धरूनच चालायचं.

"बीच आहे ना?" दुपारी मी फोनवर विचारलं होतं.
"है ना मॅडम, रेत डलवाई है, दो ट्रक."
मुलगा इतक्या अभिमानाने बोलला
की पुढे काही विचारणं जिवावर आलं.
दोन ट्रक समुद्र.
साडेतीन वर्षांच्या बाईला पुरेल.

तिने समुद्र पाहिलेला नाही.
तिच्या लेखी बिलावलीचा तलाव हाच समुद्र
आणि तिथला फुटाणेवाला समुद्राचा मालक.
पिवळी बादली मंगळवारपासून भरून तयार आहे:
एक मोजा, अर्धं गाजर,
आणि फावडं सापडत नाही म्हणून
माझा भाताचा डाव.

कौस्तुभ म्हणतो, ऑक्टोबरनंतर जाऊ, पाणी भरलेलं असतं.
मी म्हणते, मे. एकदा शाळा सुरू झाली की संपलं.
तारखांवरून आम्ही भांडतो, हळू आवाजात,
मूल झाल्यापासून सगळंच हळू आवाजात.

मग जेवताना मी सहज म्हटलं,
"नाना, तुम्हीही चला."
नाना वरणावर लिंबू पिळत होते.
"मी कशाला? अकरा वर्षं राहिलोय की तिथे."
आणि बी काढून ताटाच्या कडेला ठेवली.

मला ठाऊक होतं. म्हणजे,
ठाऊक असायला हवं होतं.
हरसूद. शाळा. भूगोलाचे मास्तर.
कौस्तुभ तिथे जन्मला, बोलायला इंदुरात शिकला.
अजून दर दिवाळीला कुणीतरी टक्कल पडलेला विद्यार्थी
सुदामानगरात पेढे घेऊन येतो
आणि दोघं मिळून गल्ल्या मोजत बसतात,
फाटक, मग लाकडाची वखार, मग सोनाराचं घर,
जणू उद्या कुणी पत्ता विचारणार आहे.
पण पानावर लिहिलेलं असतं 'बॅकवॉटर',
आणि त्या शब्दात मला कधी शाळा दिसली नव्हती.

सकाळी, पेपर खाली न करता, नाना म्हणाले,
"पातळी किती आहे सध्या?"
उन्हाळ्यात पाणी उतरतं, म्हणाले,
एखाद्या वर्षी रस्त्याचा तुकडा वर येतो,
थोडा चालतो, पुन्हा आत जातो.
ऊर्वीने ऐकलं. "रस्ता पोहतो?"
"पोहतो," नाना म्हणाले. "शिकावं लागलं त्याला."

पाहुणे: मोठे दोन, लहान एक, पाच वर्षांखाली मोफत.
मी दोनाचे तीन करते.
जादा गादीचे आठशे.
खोली तलावाकडची की बागेकडची?
इथे बोट थांबतं.
ऊर्वीला पाणी दिसायला हवं. नानांना,
नानांना काय दिसायला हवं मला माहीत नाही.
विचारायचं कसं, तेही नाही.
बागेकडची पाचशेने स्वस्त आहे;
हे कारण मी मनात तयार करून ठेवते.
तेवढ्यात ऊर्वी झोपेत लाथ मारते, फोन पडतो,
आणि उचलते तर तलावासमोर खूण झालेली.
राहू देते.
महिना मे.

तापाचं औषध. ओकारीच्या पिशव्या, तीन.
सेव, तिखट आणि फिकी, म्हणजे गाडीत भांडण नको.
टोप्या. नानांच्या बीपीच्या गोळ्या.
टॉवेल तीन.
आपण पाण्यात उतरणार नाही, असं नानांनी आधीच सांगितलंय.
तिनाचे चार करते.
डाव बादलीतच असू दे.
भात आठवडाभर वाटीने वाढू.