एकक

नगरपालिकेचं काम: अठ्ठावीस पाट्या,
एकच अक्षर, एकच हिरवा,
वर अरबी, खाली इंग्रजी,
आणि तीन रकाने: माल, एकक, दर.
स्टेन्सिलसुद्धा ऑफिसातूनच कापून आला होता.
मला फक्त हात हलवायचा होता.

सलालात, समुद्राकडच्या बाजारात
बायकांची एक ओळ आहे.
आहे म्हणजे, अजून आहे.

सातवं दुकान तुफूल बिन्त मुसल्लमचं.
पुढ्यात लोबानाचे ढीग, दुधाळ, हिरवट, तांबूस.
मागे तिनंच भाजलेली मातीची धुपाटणी,
चार शिंगांची, निळ्या-लाल ठिपक्यांची,
दोन कधी सारखी नाहीत.
आणि बरण्यांमध्ये जे ती घरी कालवते:
ऊद, साखरेचा पाक, कस्तुरी, नखला.
नखला!
गुहागरला आमची आत्या धुपात घालायची तोच.
नाकानं ओळखला, तेव्हा नाव आठवलं.

विचारलं, खाला, एकक काय लिहू? किलो, ग्राम?
तिनं मूठ पुढे केली.
म्हटलं, स्टेन्सिलमध्ये मूठ नाही.
"मग ते भोक मोठं कर," म्हणाली.

मूठ म्हणजे तरी किती?
बाळंतिणीच्या घरी धुरी न्यायची असेल तर सैल.
बोटीतून उतरून फोटो काढत फिरणाऱ्यांना घट्ट.
सासूची मूठ मोठी होती,
म्हणून तुफूल वर एक चिमूट टाकते,
सासू जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी.
हे कुठल्या रकान्यात बसवू?

आमच्याकडेही होतं चिपटं, होतं मापटं,
निठवं, कोळवं.
आता शब्दकोड्यात भेटतात, आडवे-उभे.
आई बंदरावर सुक्या बोंबलांचा वाटा लावायची,
समोरच्या बाईचा चेहरा बघून
दोन बोंबील इकडचे तिकडे.
वजनकाटा आला त्या वर्षी
ती म्हणाली, काट्याला डोळे नसतात रे.
मी हसलो होतो. नववीत होतो.

सहा नंबरचा ब्रश काढला.
तुफूलनं हात धरला उन्हात, हलू दिला नाही.
मेंदीचा उतरता रंग, अंगठ्यावरची भाजल्याची खूण,
दुसऱ्या बोटाच्या पेरात अडकलेला लोबानाचा खडा.
एककाच्या रकान्यात काढली मूठ, इनॅमलमध्ये,
खाली दर.

संध्याकाळपर्यंत ओळ लागली.
नूरची मूठ, गुबगुबीत.
सलमाच्या मुठीत अंगठा आत.
एकीनं आधी बांगड्या चढवल्या, मग हात दिला.
स्टेन्सिलवर मी चहाचा पेला ठेवला होता.

निरीक्षक आला. पाटीपुढे बराच वेळ उभा.
"हे एकक कोणत्या यादीत आहे?"
कोणी बोललं नाही. तुफूलनं त्याच्या हातात
लोबान ठेवला, सैल मुठीनं.
त्यानं फोटो काढून वर पाठवला.
वरून अजून काही आलेलं नाही.

आली ती कंपनी. कोट, टॅब, गोड बोलणं.
मूठ फार आवडली म्हणे. पाकिटावर छापू.
विमानतळावर, मॉलमध्ये, सगळीकडे
एकच मूठ.
"कुणाची?" तुफूलनं विचारलं.
तो म्हणाला, "कुणाचीही. डिझाइन करून घेऊ."
तेव्हा बायका हसल्या,
आणि माझ्या पोटात गोळा आला,
कारण चित्र माझं होतं.

त्या रात्री सत्तावीस पाट्यांवर
मी पुन्हा हात फिरवला,
जिथे चामखीळ तिथे चामखीळ,
जिथे नख तुटलं तिथे तुटलेलं.
छापायचंच असेल तर हे छापा म्हणावं.

राहिली शेवटची, थमनाची.
तिच्या करंगळीला पेर नाही. खाणाखुणांनी
म्हणाली, माझं गिऱ्हाईक मला ओळखतं, पाटीला नाही.
हात ओढणीच्या आत.

सकाळी निरीक्षकानं रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं:
"इथे?"
झाकली मूठ, म्हणालो मराठीत.
त्यानं अर्थ विचारला.
मी डबा हलवत राहिलो,
हिरवा तळाशी बसला होता.